नीरम

पौषातल्या त्रयोदशीला सकाळी सात वाजता मालवणच्या दांडी किनाऱ्यावर मी एक निळी ताडपत्री अंथरली आणि तिच्यावर चार दिवसांचं घर मांडलं. तंबू, दोन चादरी, पातेलं, गॅसची लहान शेगडी, तांदूळ, कुळथाची पिठी, कोकमं, सुकट, दोर, औषधांची डबी, दहा-दहा लिटरचे पाण्याचे दोन कॅन. शेजारी मैत्रिणीची ताडपत्री, तिच्यावर तिचं घर. समोर पाण्यात सिंधुदुर्ग आणि वाळूवर आमच्या दोन कयाक. प्रत्येकी सोळा फूट लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद. बैठकीच्या पुढे एक बंद कप्पा, मागे एक, आणि त्यांची रबरी झाकणं एवढीएवढीशी.

रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, निघालेला एक म्हातारा थांबला. ताडपत्रीकडे बघितलं, होडीकडे बघितलं आणि म्हणाला, "ह्यां सगळां ह्येच्यात मावतलां?"

मी मोठ्या खात्रीने हो म्हटलं. मावलंही. मावणं हा प्रश्नच नव्हता हे मला दुपारी दीड वाजता कळलं.

होडी कशी भरायची यावर मी आधी पुष्कळ वाचलं होतं. समुद्री कयाक ही मुळात उत्तरेकडच्या बर्फाळ किनाऱ्यांवरच्या इन्युइट लोकांची होडी, सीलच्या कातड्याने मढवलेली. तिचं आजचं फायबर नि प्लॅस्टिकचं रूपही थंड देशांतच घडलेलं. त्यामुळे ती कशी भरावी हे सांगणारी माणसंही अशा किनाऱ्यांवरची, जिथे दिवस दिवस माणूस दिसत नाही. त्यांचा सल्ला एकच असतो: सगळं बरोबर घ्या. मी सगळं घेतलं. कोकणचा किनारा तसा नाही. इथे दर दोन-तीन किलोमीटरवर वाडी आहे, देऊळ आहे, माडांखाली बाव म्हणजे विहीर आहे, आणि वाळूवर उतरलेल्या परक्या माणसाला "खंयचे?" असं विचारणारं कुणी ना कुणी आहेच. हा फरक सामान भरताना लक्षात घ्यायला हवा होता.

दुसरी गोष्ट मला पुस्तकाशिवायच ठाऊक असायला हवी होती, कारण ती माझ्या आजोळातली.

आईचे वडील शिडाच्या गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. मंगळुरी कौलं, मीठ, नारळ, सुपारी असा माल घेऊन मंगळूरपासून मुंबईपर्यंत जाणारी ती गलबतं. मी त्यांना पाहिलं ते निवृत्तीनंतर, पडवीत बसून दोर वळताना. ते आम्हा मुलांना पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, म्हणायला लावत. शाळेत तोवर पावकी, निमकी, पाऊणकी बंद झालेल्या होत्या, पण आजोबांना त्या हव्या असत. तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता पूर्ण होईल ते कळतं. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. द्वादशीला नऊ. पुनवेला आणि अवसेला सव्वा अकरा. तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. घड्याळ आणि दिनदर्शिका एवढंच लागतं. तेवढा हिशेब माझ्या अंगात होता. त्रयोदशी, म्हणजे तेरा पाऊण पावणेदहा. पावणेदहाला पाणी भरलेलं असणार, त्याआधी निघायचं, हे मी आदल्या रात्री वहीत लिहूनही ठेवलं होतं.

आजोबांचा दुसरा शब्द म्हणजे नीरम. रिकामं गलबत वाऱ्यावर उभं राहत नाही, लहानशा झुळकीनेही कलंडतं. म्हणून माल नसला की त्याच्या तळात दगड नाहीतर वाळू भरायची. तेच नीरम. पुढच्या बंदरात माल मिळाला की नीरम काढून किनाऱ्यावर टाकायचं. आजोळच्या विहिरीपाशी धुणं धुवायचा दगड काळाशार, गुळगुळीत होता. सगळं गाव तांबड्या जांभ्याचं आणि मधेच हा एक काळा दगड. तो कुठल्यातरी बंदरातून नीरम म्हणून आला होता, असं आजी सांगायची. आम्ही त्याच्यावर उड्या मारायचो. आजोबांचं एक वाक्य आईच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं होतं: "जड असलां म्हणान बिघडणा नाय, सुटां असलां तर बिघडता." आई ते डोक्यावरच्या हंड्यापासून संसारापर्यंत कशालाही लावायची, त्यामुळे ते मुळात होडीबद्दलचं आहे हेच मी विसरून गेले होते.

तर त्या सकाळी दांडीवर मी सामान भरू लागले.

कयाक भरण्यात एक अडचण पहिल्या पाच मिनिटांतच समोर येते. कप्पा लांब आहे, टोकाकडे निमुळता आहे, आणि तोंड मात्र एकच, तेही मधोमध. टोकापर्यंत हात पोचत नाही. म्हणजे जे आधी आत जाईल ते सर्वांत शेवटी बाहेर येणार. मोठ्या पिशव्या तोंडातूनच जात नाहीत, आणि गेल्याच तर त्यांच्या भोवती हवेचे कोनेकोपरे उरतात. आमच्याकडे ड्राय बॅगा, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशव्या, होत्या मोठ्या, तीस लिटरच्या, टम्म फुगलेल्या. तोंडाची गुंडाळी करण्यापूर्वी पिशवीवर गुडघा टेकून हवा काढायची असते, हे आम्हाला चौथ्या पिशवीला सुचलं. तोवर तीनदा सगळं बाहेर काढून झालं होतं. तंबू मागच्या कप्प्यात घातला, त्याच्यामागे चादरी, मग कपडे, आणि मागचा कप्पा संपला. पाण्याचे दोन्ही कॅन उरले. पुढच्या कप्प्यात जागा होती, म्हणून ते पुढे गेले. त्यांच्या बाजूला तांदूळ, कांदे, पातेलं, शेगडी. झाकण बसलं. मला कृतार्थ वाटलं.

अकरा वाजले होते. पाणी पावणेदहाला आमच्या होड्यांना टेकून परत फिरलं होतं आणि आता पंधरा-वीस पावलं खाली गेलं होतं. पंचवीस किलोची होडी आता सत्तर किलोची झाली होती. भरलेली कयाक टोकांच्या मुठींना धरून उचलायची नसते, मधे ती वाकते आणि तडकू शकते. म्हणून आम्ही ती ओढली. ओल्या वाळूवरून, पोटावर. हल्ली मी होडी रिकामी नेते, घोटाभर पाण्यात तरंगत ठेवते आणि सामान मासळीच्या मोठ्या पिशव्यांतून तिच्यापर्यंत आणते. खेपा जास्त होतात, पण भरलेली होडी कोरड्या जमिनीला लागू द्यायची नाही. त्या दिवशी ओढताना तळाच्या फटीत वाळू आणि शंखांचे तुकडे घट्ट बसले. त्या फटीत एक लहानसं पातं असतं, स्केग म्हणतात त्याला. बाजूने वारा असला की ते दोरीने खाली सोडायचं, मग होडी सरळ राहते. ते पातं अडकलं आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

कोकणात हिवाळ्यातली सकाळ वल्हवणाऱ्यांसाठीच असते. रात्रभर निवालेल्या जमिनीवरून मतलई वारा समुद्राकडे वाहत असतो, हलका, कोरडा. तो किनाऱ्यालगत लाट उठू देत नाही. नऊ-दहापर्यंत पाणी तेल ओतल्यासारखं असतं. मग जमीन तापते, मतलई पडते, थोडा वेळ काहीच हलत नाही, आणि बाराच्या पुढे खारा वारा सुरू होतो. वायव्येकडून, तासागणिक वाढत. मच्छीमारांच्या दिवसाची आखणी या दोन वाऱ्यांवर असते. आमची आखणीही तशीच होती, कागदावर. मतलई सगळी सामान भरण्यात गेली.

तारकर्लीपर्यंत ठीक चाललं. पाणी स्वच्छ, तळाची वाळू दिसत होती. मग पाठीवर उजवीकडून वारा लागू लागला आणि होडीचं तोंड उजवीकडे वळू लागलं. आम्ही दक्षिणेला निघालो होतो, म्हणजे उजवीकडे उघडा समुद्र. मी उजव्या बाजूने जोरात वल्हं मारायची, तोंड सरळ व्हायचं, दोन हातांनंतर पुन्हा समुद्राकडे. स्केगची दोरी सोडली, काही झालं नाही. उजव्या बाजूने चार हात, डाव्या बाजूने एक, असं तासभर. उजवा खांदा पेटला. मैत्रीण तिच्या होडीत सरळ चालली होती. तिने एक कॅन पुढे आणि एक मागे घातला होता, तेही ठरवून नव्हे, जागा मिळाली तिथे.

हे असं का होतं ते नंतर समजून घेतलं. होडी पुढे जात असताना तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात रुतलेली असते, समोरचं पाणी तिला दोन्हीकडून धरून ठेवतं. मागच्या बाजूचं पाणी मात्र मोकळं झालेलं, फेसाळलेलं असतं, तिथे पकड नसते. म्हणून बाजूचा वारा मागचं टोक ढकलत नेतो आणि नाळ वाऱ्याच्या दिशेला फिरते. कुठल्याही कयाकचा हा थोडाफार स्वभावच आहे. त्यात नाळ जड केली तर ती आणखी रुतते, मागचं टोक आणखी वर येतं आणि होडी अधिकच हट्टी होते. उलट मागे फार वजन घातलं तर नाळ वर उचलली जाते आणि वाऱ्याबरोबर वाहवत जाते. वीस किलो पाणी मी माझ्या पायांच्याही पुढे नेऊन ठेवलं होतं. होडी वागायची तशीच वागत होती.

देवबाग ही वाळूची लांबट जीभ आहे, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. जिभेच्या टोकाशी कर्ली समुद्राला मिळते. आम्ही दीडच्या सुमारास तिथे पोचलो तेव्हा ओहोटी अर्ध्यावर होती. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचे दिवस. खाडीतलं पाणी जोराने बाहेर येत होतं आणि वायव्येचा वारा लाटांना त्याच्यावर ढकलत होता. अशा वेळी लाटा लांब राहत नाहीत, आखडतात, उभ्या होतात आणि मुखाशी असलेल्या वाळूवर फुटतात. पांढऱ्या रेघा दुरून दिसत होत्या. त्या पलीकडे भोगवे, आमचा ठरलेला मुक्काम, दोन किलोमीटरही नव्हता.

मी मैत्रिणीकडे पाहिलं. तिने वल्ह्याने किनारा दाखवला. त्या एका खुणेसाठी मी तिची आजही ऋणी आहे.

देवबागच्या वाळूला लागताना एका लाटेने माझी होडी मागून उचलली, जड नाळ वाळूत रुतली आणि होडी आडवी झाली. मी कमरेएवढ्या पाण्यात बाहेर आले. काही लागलं नाही. झाकणं टिकली. माडांच्या सावलीत जाळं शिवत बसलेले एक काका उठून आले, त्यांनी आणि मैत्रिणीने होडी धरली. काकांनी ती पाण्यात तरंगत असतानाच तिच्याकडे बाजूने, जरा वाकून बघितलं. मग नाळेवर तळहात ठेवला.

"बाय, नाळ खाली गेली हा तुझी. फुडसून जड, मागसून हलकी. वारो मागच्याक ढकलता, मगे ती फिरतली नाय तर काय करतली?"

एवढंच. त्यांनी कधी कयाक वल्हवली नव्हती. त्यांची स्वतःची होडी उलांडीची होती, एका बाजूला आडव्या वाशांना जोडलेला लाकडी ओंडका असलेली, अरुंद. अरुंद होडी कशी बसते ते त्यांना बघूनच कळत होतं. मी तिथे कमरेएवढ्या पाण्यात उभी होते आणि मला पडवी आठवली, दोर आठवला, काळा दगड आठवला. नीरम हा शब्द मला माहीत होता, वयाच्या सातव्या वर्षापासून. वीस किलो नीरम बरोबर असताना ते मी चुकीच्या जागी घातलं होतं.

दुपार आम्ही काकांच्या माडात काढली. सगळं बाहेर काढलं आणि नव्याने भरलं, या वेळी घाई न करता. एक कॅन मागच्या कप्प्यात, बैठकीच्या पाठीला टेकून, अगदी तळाला. दुसरा पुढच्या कप्प्यात, पण टोकाकडे नव्हे, पायांपुढे कप्प्याची जी भिंत असते तिला चिकटून. मग त्यांच्याभोवती तांदूळ, कांदे, शेगडी. टोकांना हलकं: चादरी, कपडे, झोपायची सतरंजी. तंबूच्या काठ्या पिशवीतून काढून एकेक करून कडेने सरकवल्या, जिथे दुसरं काही जातच नाही. उरलेल्या फटींत मोजे, टॉवेल, रिकामी पिशवी. हात घालून हलवून पाहिलं, काही हललं नाही. होडी पाण्यात ठेवून काकांसारखी बाजूने वाकून बघितली. मागचं टोक बोटभर खाली, नाळ बोटभर वर. डावीकडे किंचित झुकत होती, तर पातेलं उजवीकडे नेलं. पाणी आणि पातेलं यांची अशी अदलाबदल करत आम्ही दीड तास घालवला. मला भरण्यातली गोडी कळली ती त्या दीड तासात. कुठली वस्तू कुठे बसायला बघते हे हाताला कळू लागतं. त्यासाठी वस्तू अनेक आणि लहान असाव्या लागतात. तेव्हापासून मी पाणी दोन-दोन लिटरच्या बाटल्यांतून नेते. एक फुटली तरी बाकीच्या राहतात, कप्प्याच्या बुडाशी आडव्या बसतात, आणि पिताना एक पुढची, एक मागची अशी संपवत गेलं की तोल ढळत नाही.

पाण्याबद्दल माझं मत ठाम आहे. माणशी दिवसाला चार लिटर, त्यात काटकसर नाही. हे मी अशा किनाऱ्याबद्दल बोलते आहे जिथे गोडं पाणी फार लांब नसतं. समोरच्या सिंधुदुर्गाचंच बघा. १६६४ साली शिवाजी महाराजांनी भर समुद्रातल्या कुरटे बेटावर तो बांधायला घेतला, आणि तिथे आत तीन गोड्या विहिरी आहेत, दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चहूकडे खारं पाणी आणि मधे तीन बावी. त्या संध्याकाळी काकीही म्हणाल्या, "पाणी व्हयां तर बावीर जा, विचारूक नको." आम्ही गेलो, न्हालो, कॅन भरून घेतले. तरीही पाणी आपलं आपल्याजवळ असावं. कुणाच्या दारात जायचं ते दोन शब्द बोलायला, तहानेने व्याकूळ होऊन नव्हे.

अन्नाचं मात्र उलट. इथे मी निम्मं कमी केलं. मूठभर कुळथाची पिठी, लसूण, मिरची, चार कोकमं आणि दहा मिनिटांची आच, एवढ्यात भाताबरोबर जेवण होतं. सुकट भाजली की वास वाडीभर जातो, कुणीतरी डोकावतं, गप्पा होतात, आणि सकाळी कुणीतरी बांगडे आणून देतं. खाजा आणि शेंगदाण्याचे लाडू बैठकीमागच्या लहान कप्प्यात, पाण्यावर असतानाच हाताला लागतील असे. पहिल्या सफरीला मी पास्ता आणि डबाबंद सूप नेलं होतं. ते तसंच घरी परत आलं.

हाताला लागणं हा भरण्याचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तोल जमला की सगळं लक्ष त्याच्याकडे वळतं. अंधारात, वाऱ्यात, थकलेल्या बोटांना आधी काय लागेल? मी आता तो प्रसंग मनात आणून भरते. किनाऱ्याला लागल्यावर प्रथम कोरडा सदरा. कोकणात थंडी नसते असं म्हणणाऱ्यांनी जानेवारीत ओल्या कपड्यांनी खाऱ्या वाऱ्यात अर्धा तास बसून बघावं. तो सदरा दोन पिशव्यांत गुंडाळलेला, झाकणाच्या अगदी तोंडाशी. मग तंबू. मग शेगडी. औषधं, लाल उजेडाचा टॉर्च, शिट्टी, आधार कार्डाची प्रत आणि फोन ही मंडळी लहान कप्प्यात किंवा अंगावरच्या लाइफ जॅकेटच्या खिशात. किनाऱ्यावर रात्री उतरलेल्या माणसांची चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. १९९३ आणि २००८ नंतर या किनाऱ्याला तो हक्क आहे. निघण्याआधी पोलिस ठाण्यात मार्ग लिहून द्यायचा, गावात उतरलं की आधी पोलिस पाटलांच्या घरी जायचं. तटरक्षक दलाचा बचावाचा क्रमांक १५५४ मी जॅकेटच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने लिहिला आहे.

होडीच्या वर, डेकवर, बांधायचं ते फक्त जादा वल्हं. भाजीच्या पिशव्या, चपला, चटई असं वर लादलेल्या होड्या मी पाहिल्या आहेत. वारा त्यांना शिडासारखा पकडतो, आणि उलटून पाण्यात पडलेल्या माणसाला पुन्हा वर चढायला जागा उरत नाही. पाण्याचा पंप बैठकीत, हाताशी. पायांशी काहीही नाही, विशेषतः दोर नाही.

देवबागला त्या रात्री आम्ही काकांच्या अंगणात तंबू लावला. दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो, सामान आधीच होडीशेजारी रांगेत लावलेलं होतं. पाऊण तासात भरून झालं. चतुर्दशी, पूर्ण भरती साडेदहाला. सातला भरतीचं पाणी कर्लीत शिरत होतं, मतलई अंगावर येत होती. ज्या मुखाने आदल्या दुपारी दात दाखवले होते तिथून आम्ही पंचवीस मिनिटांत पार झालो. होडी सरळ चालली. चार हात उजवीकडे आणि एक डावीकडे नव्हे, एकास एक. पाण्यात नीट बसलेली जड होडी रिकामीपेक्षा सुखाची असते. सुटायला वेळ घेते, पण सुटली की लहान लाटांकडे लक्ष देत नाही. माझे खांदे सैल सुटले तेव्हा समोर किल्ले निवतीचा डोंगर आला होता.

दुसरी रात्र निवतीला, तिसरी खवण्याच्या पुढे. ती पुनवेची. मुक्कामाची जागा निवडताना मी एक वेल शोधते, वाळूवर पसरणारी, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची, जांभळ्या फुलांची. तिला मर्यादवेल म्हणतात. समुद्र जिथवर नेहमी येतो तिथे ती टिकत नाही, म्हणून तिच्या वरच्या अंगाला झोपावं. त्या रात्री मध्यरात्रीच्या भरतीचा आवाज इतका जवळ आला की आम्ही दोघी उठून बाहेर बसलो. चांदण्यात फेस दिसत होता, वेलीच्या खालीच थांबत होता. दिवा लावला नाही. ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात याच वाळूवर अंडी घालायला येतात, खाली वायंगणीला त्यांची घरटी राखली जातात, आणि पांढऱ्या उजेडाने त्यांची दिशा चुकते. लाल टॉर्च त्यासाठीच असतो. शेकोटीही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी भरायला घेतलं तर भरायला फारसं उरलंच नव्हतं. तांदूळ संपला होता, कांदे संपले होते, कॅनच्या बुडाशी प्यायच्या दोन बाटल्या भरतील इतकं पाणी होतं. कचऱ्याची पिशवी तेवढी फुगली होती. होडी पाण्यात ठेवली तशी ती टोपलीसारखी वर आली आणि मी बसल्यावर डुगडुगू लागली. केळूसच्या पुढे वारा वाढला आणि माझ्या जिवाचा थरकाप झाला. चार दिवसांत अंग जड होडीला सरावलं होतं, ही हलकी होडी दर लाटेला कलंडते आहे असं वाटत होतं.

आम्ही एका निवाऱ्याच्या वाळूला लागलो. प्यायचं पाणी बाटल्यांत ओतून घेतलं. मग दोन्ही कॅन घेऊन मी गुडघाभर पाण्यात गेले आणि ते समुद्राने भरले. बुडबुड असा आवाज करत दहा लिटर, पुन्हा दहा लिटर. एक बैठकीच्या मागे, एक पायांच्या भिंतीपुढे. बाजूंना रिकाम्या पिशव्या फुगवून पाचर मारली, हात घालून हलवून पाहिलं. मैत्रिणीने काही न विचारता आपले कॅन भरायला घेतले. होडी पुन्हा पाण्यात बसली.

वेंगुर्ल्याला पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता, प्रतिपदेची भरती पूर्ण. बंदराशेजारच्या वाळूवर होड्या ओढण्याआधी आम्ही झाकणं उघडली आणि कॅन बाहेर काढले. मी झाकण फिरवलं आणि कॅन आडवा केला. चिंचेच्या झाडाखाली मासे निवडत बसलेल्या एका बाईंनी मान वर करून विचारलं, "काय गो, पाणी कित्याक ओततंस?"

"नीरम," मी म्हटलं.

"हां," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा माशांकडे वळल्या.